फुटपट्टीचा स्वतःशी अबोला

मावसबहिणीने तिचे नाव फुटपट्टी ठेवले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कारणही तसेच होते: दोघींना मिळून दिलेला केकचा तुकडा तिने खरोखरच फुटपट्टी लावून कापला, आणि वर उरलेला अर्धा सेंटिमीटर मावशीला परत नेऊन दिला. त्या दिवसापासून घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. मावसबहिणीचे नाव भिंगरी. ते का, हे सांगत बसायला नको; ती पाच मिनिटे एका जागी बसली की घरचे तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन फुटपट्टी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर, कादंबऱ्या वाचायच्या नोकरीला लागली.

"वाचायचे पैसे देतात?" आईने विचारले.

"वाचून खुणा करायच्या, त्याचे."

"मी आयुष्यभर तुझ्या वडिलांचा चेहरा वाचून खुणा करतेय. मला कुणी विचारलं नाही."

काम होते मॅडमचे. मॅडम साहित्याच्या प्राध्यापक. चष्मा डोक्यावर ठेवून तो दिवसभर टेबलावर शोधणाऱ्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या वीस इंग्रजी कादंबऱ्या त्यांनी निवडल्या होत्या. कुणाला आज आठवत नाहीत अशा, पण सगळ्यांचे दुखणे एकच: माणूस एक आणि आत राहणारे दोन. दिवसा न्यायाधीश, दिवेलागणीला तोच आरोपी. घरात देवमाणूस, गल्लीत सैतान. मॅडमना हे मोजून हवे होते. प्रत्येक पात्र कुठल्या मूळ साच्यातले, ते ठरवायचे. साचे सहा: नायक, पालक, जाणता, सोंगाड्या, मुखवटा आणि छाया. छाया म्हणजे माणूस जे स्वतःचे म्हणून कबूल करत नाही ते.

नियम तीन होते. एका पात्राला एकच खूण. अर्धे हे, अर्धे ते चालणार नाही. प्रत्येक कादंबरी दोन वाचकांनी वेगवेगळी वाचायची आणि खुणेशेजारी शेरा लिहायचा. आणि विसाव्या कादंबरीपर्यंत दोघांनी एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. या तिसऱ्या नियमाला मजल्यावर सगळे 'अबोला' म्हणत. अबोला इतका कडक, की मॅडम स्वतःही वाचकांच्या खोल्यांकडे फिरकत नसत. आपल्या चेहऱ्यावरून वाचकाला काही कळेल, ही त्यांना भीती. वाचक क्रमांक एकची खोली व्हरांड्याच्या पूर्व टोकाला, क्रमांक दोनची पश्चिम टोकाला, आणि मधल्या खोलीत मोडक्या खुर्च्या. सगळे वाचून संपले की 'समेट': दोन्ही वाचकांनी मॅडमसमोर बसायचे आणि जिथे खुणा जुळल्या नाहीत तिथे भांडायचे.

खुणा किती जुळतात ते आकडेवाले सर काढत. एक म्हणजे दोघांचे पूर्ण एकमत. शून्य म्हणजे नाणे उडवून खुणा केल्या असत्या तरी चालले असते.

क्रमांक एक फुटपट्टी. क्रमांक दोन भिंगरी. तिला फुटपट्टीनेच आणले होते, "माझी बहीण आहे, साहित्यात पदवी आहे, मी खात्री देते," असे सांगून. आणि समेट झाल्यावर दोघींपैकी एकीला तीन वर्षांसाठी ठेवणार होते. ती जागा फुटपट्टीला हवी होती. प्रयोगशाळेत तिने तीन वर्षे जे जे मोजले होते ते दर वेळी तेवढेच भरले होते. इथे पहिल्यांदाच तिला असे काही सापडले होते जे मोजायला घेतले की हलत होते.

सहा कादंबऱ्या झाल्या आणि भिंगरीला नाटक कंपनीचा फोन आला. दौऱ्यावर निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या नायिकेने पाय मोडून घेतला होता.

"तीन महिने," भिंगरी म्हणाली. "माझी जागा सांभाळ."

"सांभाळ म्हणजे?"

"माझ्या नावानं तूच वाच गं. तुझ्याच खुणा उचल, चारदोन इकडच्या तिकडे कर. हाय काय नाय काय!"

"ही फसवणूक आहे."

"बरं, मग जा आणि सांग मॅडमना. मला काढतील. दुसरा वाचक मिळेपर्यंत काम बंद. आणि मला आणलं कुणी? खात्री दिली कुणी? तीन वर्षांची जागा काय मग तुला ओवाळून देतील?"

भिंगरीने फुटपट्टीच्या गळ्यात स्वतःचा पिवळा स्कार्फ अडकवला, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ती बॅग ओढत गेलीसुद्धा.

आता कुठल्याही शहाण्या लबाडाने काय केले असते? भिंगरीने सांगितले तेच. तास-दीड तासाचे काम. पण फुटपट्टीने आयुष्यात कधी आकडा बनवला नव्हता. दोन दिवस ती जेवताना भिंतीकडे बघत होती, आणि तिसऱ्या दिवशी तिने जो निर्णय घेतला तो फक्त तिलाच सुचू शकत होता: फसवणूक करायचीच, तर ती प्रामाणिकपणे.

एकाच माणसाला एकच गोष्ट दोनदा मोजायची असेल तर काय करायचे, हे तिला शिकवलेले होते. पहिले माप झाकून ठेवायचे. मध्ये वेळ जाऊ द्यायचा. क्रम बदलायचा. तिने वेळापत्रक आखले. सकाळी नऊ ते एक ती क्रमांक एक: पूर्वेची खोली, सरळ पाठीची खुर्ची, चहा, केस घट्ट बांधलेले. दुपारी दोन ते सहा ती क्रमांक दोन: पश्चिमेची खोली, कॉफी, केस मोकळे, पिवळा स्कार्फ, आणि मनावर दगड ठेवून पाय समोरच्या खुर्चीवर. सकाळची वाचक सातव्या कादंबरीपासून सुरू करणार, दुपारची चौदाव्यापासून आणि विसावी संपली की वळून सातव्यावर येणार. म्हणजे कुठलीही कादंबरी दुसऱ्यांदा हातात येईपर्यंत सहा आठवडे सरलेले. खुणांची एक प्रत जमा करायची, दुसरी लिफाफ्यात घालून, चिकटवून, वर सही.

थोडक्यात, तिने स्वतःशी अबोला धरला.

पहिले चार दिवस दुपारची वाचक म्हणजे पाय वर घेतलेली सकाळचीच वाचक होती. पाचव्या दिवशी, चौदाव्या कादंबरीतल्या एका धर्मनिष्ठ सावकाराची खूण करताना, शेऱ्याच्या रकान्यात तिच्या हातून लिहिले गेले: "मुखवटा. काढला तर आत दुसरा मुखवटा. तो काढला तर आत ओल आलेली भिंत."

तिने ते वाचले. खोडायला रबर उचलले. पण रबर सकाळच्या वाचकाचे होते, आणि ते इकडे कसे आले म्हणून ती आधी चिडली. मग खोडायचे राहून गेले.

सहा आठवडे उलटेपर्यंत दुपारचीला चांगलाच कंठ फुटला होता. सकाळची लिहायची: "नायक. पृष्ठे ३१, ८८, २०४." दुपारची लिहायची: "याला नायक म्हणायचं तर दाराच्या कडीलाही म्हणावं; तीही मोक्याच्या क्षणी निसटते." सकाळची प्रकरण संपल्याशिवाय पाणी पीत नसे. दुपारचीने एकदा खिडकीतून खाली जाणाऱ्या ग्रंथपालांना हात केला, त्यांनी दचकून वर पाहिले, तर ही मान खाली घालून वाचतेय.

घरी आईच्या नजरेतून काय सुटणार?

"सकाळी गेली ती माझी मुलगी," आई एका संध्याकाळी म्हणाली. "आत्ता आली ती कोण?"

"का? काय झालं?"

"काल मावशी फोनवर तासभर तिच्या गुडघ्याचं सांगत होती. तू फोन घेतलास आणि म्हणालीस, 'मावशी, आता दुसऱ्या गुडघ्यालाही बोलू दे.'"

"मी असं म्हटलं?"

"हो. आणि सात वाजता स्कार्फ काढून तिला परत फोन केलास, माफी मागायला." आईने कणीक झाकून ठेवली. "माफी मागायची काही गरज नव्हती. ती हसत होती."

दुसऱ्या फेरीत एकेका कादंबरीच्या दोन्ही खुणा जमा व्हायला लागल्या तसे आकडेवाले सर आकडे काढू लागले. पहिल्या सहा कादंबऱ्यांत, खऱ्या भिंगरीबरोबर, फुटपट्टीचे एकमत होते शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. आता आकडा आला शून्य पूर्णांक एक्केचाळीस. सरांनी तो नियमाप्रमाणे सूचनाफलकावर लावला. फुटपट्टी बराच वेळ फलकासमोर उभी राहिली. जी बहीण साबणाचा रिकामा कागद डबीत परत ठेवते तिच्याशी आपले अठ्ठ्याहत्तर टक्के पटते, आणि स्वतःशी त्याच्या निम्मे?

पण खरा दणका पुढे होता. तळमजल्यावर चहाच्या मशीनपाशी मॅडम भेटल्या. चष्मा डोक्यावर.

"तुझी बहीण!" मॅडम म्हणाल्या. "अगं, काय लिहिते! मी शेरे घरी नेऊन वाचते. ओल आलेली भिंत! ती कादंबरी तुझीही झालीय, म्हणून बोलते. कुठे लपवली होतीस ही?"

"पश्चिमेच्या खोलीत," फुटपट्टी म्हणाली. ते खरेच होते.

"हे बघ, राग मानू नकोस. तुझ्या खुणा अचूक असतात. पण तुझे शेरे वाचताना मला पत्ता वाचल्यासारखं वाटतं. तीन वर्षांसाठी मला असं माणूस हवंय की ज्याचं म्हणणं मी उद्याही आठवेन." मॅडमनी कपात साखर टाकली, ढवळायला चमचा मिळेना म्हणून पेन घातले. "समेट होऊ दे. पण पत्र मी तयार करून ठेवलंय. तिच्या नावाचं."

फुटपट्टी जिना चढून वर आली. घड्याळात दीड वाजला होता. सकाळची संपली होती आणि दुपारची अजून यायची होती. मधल्या खोलीच्या दाराशी ती तशीच उभी राहिली. तिची जागा जात होती. घेणारीही तीच होती. पण मिळणार ती भिंगरीला, जिला ती फुकटही नको होती. या हिशेबात कुठेतरी चूक आहे असे वाटून तिने तो तीनदा तपासला. चूक नव्हती.

समेटाच्या तीन दिवस आधी भिंगरी दौऱ्यावरून परतली. घसा बसलेला, डोळ्यांत रंगमंचावरचे काजळ. दोन्ही रकाने शेजारीशेजारी छापलेला कागद तिने पलंगावर पालथे पडून वाचला आणि हसता हसता उशी खाली पाडली.

"हे तू लिहिलंस? फुटपट्टे! एवढं तिखट तुझ्यात होतं आणि लहानपणापासून मला एक चिमूट दिलं नाहीस?"

"मला कुठे माहीत होतं," फुटपट्टी म्हणाली. ती तोच कागद वाचत होती आणि तिचे कान तापले होते. सकाळच्या रकान्यासमोर दुपारचा रकाना असा काही उभा होता, की जणू कुणी तिच्या तोंडावर तिची नक्कल करत होते. "केवढी उद्धट आहे ही! आणि पृष्ठक्रमांक एकाही ठिकाणी नाही."

"बेत असा," भिंगरी उठून बसली. "मला ती जागा नकोच. कंपनीनं ठेवून घेतलंय. समेटात मी बसते, तुझे शेरे पाठ म्हणते, पण मिळमिळीत. तू प्रत्येक खूण जिंकायची. मॅडम म्हणतील, अरे, ही दुसरी कागदावरच वाघीण. शेवटी मी सांगते, मला नोकरी करायची नाही. जागा तुझी. कुणाचं काही गेलं नाही."

"तुला हरता येईल?"

"मी तीन महिने रोज विष पिऊन मेलेय. हरणं काय, हातचा मळ."

आणि तरी फुटपट्टीच्या त्या वेळीच लक्षात यायला हवे होते, की प्रेक्षक समोर असताना भिंगरी मेली असेल, हरली कधीच नव्हती.

समेट मॅडमच्या खोलीत झाला. लांब टेबल, टोकाला मॅडम, शेजारी लॅपटॉप उघडून आकडेवाले सर. सर मितभाषी, बोलले तर दशांश चिन्हासकट. भिंगरी पिवळा स्कार्फ घालून आली, खुर्ची उलटी फिरवून बसली, आणि पहिल्या पात्राला मिळमिळीत राहिली. दुसऱ्या पात्राच्या वेळी मॅडम हसल्या. संपले. ते हसू भिंगरीच्या कानांत गेले आणि तिची पाठ सरळ झाली. तिसऱ्या पात्रापासून ती शेरे म्हणेना, फेकायला लागली. कडीचा शेरा म्हणताना तिने खरोखर कडी निसटल्याचा आवाज काढला. मॅडमनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, जे त्या फक्त महत्त्वाच्या प्रसंगी करत.

फुटपट्टीने टेबलाखाली लाथ मारली.

"आई गं," आकडेवाले सर म्हणाले.

नऊ पात्रांवर भांडण झाले आणि पहिले सोडून सगळी भिंगरीने जिंकली. फुटपट्टी पृष्ठक्रमांक सांगत होती, भिंगरी टाळ्या घेत होती. मग बारावी कादंबरी निघाली, आणि तिच्यातली कुलूपवाल्याची बहीण.

गोष्ट साधी होती. एका गावात एक कुलूपवाला. दिवसा तो लोकांना कुलपे करून देतो आणि अंधार पडला की तीच कुलपे उघडून आत शिरतो. घर सांभाळते त्याची बहीण. तिला सगळे माहीत आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता पोलिस चौकशीला येतो, आणि ती त्याला सांगते, भाऊ आजारी आहे, झोपलाय.

"क्रमांक एकची खूण: पालक," मॅडमनी वाचले. "'भावासाठी खोटे बोलते. स्वतःसाठी काही मागत नाही. पृष्ठे ५७, ११९, १६०.' क्रमांक दोन: छाया. 'कुलूप उघडताना भावाचे हात कापतात. ही पोलिसाला चहा ओतते आणि कपावर एक थेंब सांडत नाही.'" मॅडमनी कागद खाली ठेवला. "हा मला या वीस कादंबऱ्यांतला सगळ्यांत आवडलेला शेरा. सांग ना मला, का सांडत नाही?"

प्रश्न शेऱ्याबाहेरचा होता. पाठांतर संपले. भिंगरीने एक क्षण डोळे मिटले, जसे ती विष पिण्याआधी मिटत असे.

"कारण तिला राग आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लहानपणापासून भावाचे लाड, हिच्या वाट्याला चूल. तिला त्याला बुडवायचंय, मॅडम. खोटं बोलून बोलून ती त्याला खोल पाण्यात नेतेय."

"सूड," मॅडम म्हणाल्या. "हं. सुंदर."

"राग कुठे आहे?" फुटपट्टी म्हणाली. "एक पान दाखव."

"ओळींच्या मध्ये आहे, ताई."

"ओळींच्या मध्ये कागद असतो!"

"तू पालक म्हटलंयस ना तिला? मग तू तुझं सांभाळ. माझी खूण मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे?" फुटपट्टी उठून उभी राहिली. केस घट्ट बांधलेले, कान लाल. "राग बिग काही नाही! तिला मजा येते! जन्मभर सगळ्यांनी तिला चांगली म्हटलं. चांगली आहे, सरळ आहे, तिच्याकडे किल्ल्या द्या. ती कंटाळली असेल की नाही? तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. पहिलं खोटं ती भावासाठी बोलते, हे अगदी खरं, पान सत्तावन्न. पण दुसऱ्या खोट्यापासून? दुसऱ्यापासून ती नटून बसते! सकाळभर कामं उरकते आणि वाट बघत राहते, कधी एकदा दोन वाजतायत!"

आकडेवाले सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली.

"पोलिस पाचला येतो," ते म्हणाले.

फुटपट्टी खाली बसली. तिच्या आयुष्यात तिने सांगितलेला आकडा पहिल्यांदाच चुकला होता.

भिंगरीने स्कार्फ तोंडावर ओढून घेतला. मॅडम एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. सरांनी लॅपटॉप हळूच त्यांच्याकडे वळवला.

"स्क्रीनवर पान उलटलं की वेळ नोंदली जाते. एक पान, एक मिनिट अठरा सेकंद," सर म्हणाले. "दोन्ही वाचकांचं. सातव्या कादंबरीपासून. त्याआधी क्रमांक दोन पन्नास सेकंदांत पान उलटायची आणि मध्येच चाळीस मिनिटं गायब असायची. आणि तीन महिन्यांत दोघी एकाच वेळी आत असल्याची नोंद नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" मॅडमनी विचारले.

"शंका होती. पुरावा पुरेसा नव्हता." सरांनी घसा साफ केला आणि ते फुटपट्टीकडे वळले, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होते. "दोन वाचनांत अंतर किती?"

"सहा आठवडे," ती पुटपुटली. "कमीत कमी."

"क्रम?"

"निम्म्यांत सकाळ आधी. निम्म्यांत दुपार."

"पहिल्या खुणा?"

"लिफाफ्यात. सही करून."

"वा!" सर म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडे असे पाहिले की पुढचे त्यांनी गिळून टाकले.

"मॅडम, चूक माझी आहे," भिंगरी म्हणाली. आवाजात आता नाटक नव्हते, त्यामुळे तो ओळखूही येईना. "मीच तिला भरीस पाडलं. हिनं तर साधी नक्कलही केली नाही. मी सांगितली होती."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "नक्कल केली असती तर मी पहिल्या आठवड्यात पकडली असती." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौदा कादंबऱ्यांचा दुसरा रकाना रद्द. नवा वाचक येऊन त्या पुन्हा वाचेल. माझं काम चार-सहा महिने मागे गेलं, हे दोघींनी लक्षात ठेवा. रकाना का रद्द झाला ते अहवालात छापावं लागेल. ते टिपण तू लिहिशील." बोट फुटपट्टीकडे. "खरं. सगळं. उद्या सकाळी माझ्या टेबलावर."

"आणि जागा?" भिंगरीने विचारले. कारण फुटपट्टीने विचारले नसते.

मॅडमनी खणातून एक लिफाफा काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "जागा मी क्रमांक दोनला देणार होते. ती कोण आहे ते आधी मला कळू दे."

"मग मॅडम, उद्या सकाळी नका बोलावू," भिंगरी म्हणाली. "सकाळी ही असते. ती दुपारी दोननंतर येते."

आकडेवाले सरांना खोकला आला. मॅडम खिडकीकडे वळल्या, आणि त्यांची पाठ थोडी हलली, पण ती रागाने की कशाने, हे ओळींच्या मध्ये होते. "बरं, दुपारी आण," त्या खिडकीलाच म्हणाल्या.

व्हरांड्यात आल्यावर भिंगरीने विचारले, "माझं काम कसं झालं?"

"तू हरणार होतीस."

"हो गं. पण त्या हसल्या."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फुटपट्टी पूर्वेच्या खोलीत बसली. एक वाजेपर्यंत तिने टिपण लिहिले: तारखा, क्रम, अंतर, लिफाफ्यांची संख्या. अडीच पाने झाली. वाचून पाहिले. प्रत्येक शब्द खरा होता, आणि दुसऱ्या पानावर तिला स्वतःलाच जांभई आली.

दोन वाजता ती पश्चिमेच्या खोलीत गेली. स्कार्फ भिंगरी घेऊन गेली होती. कॉफीचे मशीन बिघडलेले. ती सरळ बसून राहिली. दोन वाजून दहा मिनिटे झाली, वीस झाली, कुणी येईना. शेवटी तिने समोरची खुर्ची ओढली, पाय वर घेतले, आणि टिपणाच्या तळाशी, पृष्ठक्रमांक न देता, एक वाक्य लिहिले.

मॅडमनी अडीच पाने उभ्यानेच वाचली. जांभई दाबली. मग शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"'सदर फसवणूक बहिणीच्या प्रेमापोटी सुरू झाली आणि मजा येऊ लागल्यामुळे चालू राहिली.'" त्यांनी वर पाहिले. "हे छापायचं?"

"खरं सगळं, म्हणालात."

"वरची अडीच पानं कुणाची?"

"माझीच."

"आणि ही ओळ?"

"तीही."

"जुळत नाहीत एकमेकांशी."

"नाही, मॅडम," फुटपट्टी म्हणाली. "पण दोन्ही तपासून घेतलीयत."

मॅडमनी हात पुढे केला. "दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या."

तिने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. संपले, असे तिला वाटले. मॅडमनी त्या खणात टाकल्या आणि चाचपून तिसरी काढली. गंजलेली होती.

"नवा दुसरा वाचक सर शोधतील. तुला नातेवाईक सुचवायची मुभा नाही. तू पहिली. तीन वर्षं वगैरे विसर. तीन महिने बघते. पृष्ठक्रमांक हवेत. आणि शेरे हवेत. एकाच रकान्यात."

"एका पात्राला एकच खूण, तो नियम..."

"नियम आहेच. म्हणून तर शेऱ्याला जागा ठेवलीय. जा."

मधल्या खोलीचे कुलूप तेल घालूनही लवकर उघडेना. आत मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. फुटपट्टीने खिडकी उघडली, खिशातून टेप काढून खोली मोजली. दोन्ही टोकांच्या खोल्यांपेक्षा ती एक फूट अरुंद भरली. मग तिने ढिगातून एक सरळ पाठीची खुर्ची निवडून काढली, बसून, हलवून, पायांची उंची तपासून. आणि पायांसाठी दुसरी काढली, कुठलीही.